हुशारांचा वर्ग

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी शाळेतलं सगळं सांगत असे, अगदी खिचडीत मीठ कमी पडलं इथपर्यंत. ती गेली तेव्हाही हे माझ्याकडेच राहिलं.

लिहायला निमित्त झालं एका फोनचं. मी निवृत्त झालो त्या जिल्हा परिषदेच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. आत्ताचे मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमच्या काळात पट जवळजवळ दुप्पट झाला. ते कसं जमवलंत यावर दोन पानं द्या. गावातली मुलं किती, बागांवरची किती, मुली किती असं थोडं आकड्यांतही येऊ द्या. नव्या शिक्षकांना मार्गदर्शन होईल." मी हो म्हणालो. मार्गदर्शन या शब्दाला आम्ही मास्तर लोक लगेच भुलतो.

मग लिहायला बसलो आणि दोन आठवडे एक ओळ सरकेना.

पट म्हटलं की लोकांना लगेच बोगस नावं आठवतात. तसलं मी काही केलेलं नाही. प्रत्येक नावामागे एक जिवंत मूल होतं, डबा घेऊन येणारं, शेंबूड पुसणारं. कोणीही कधीही येऊन डोकी मोजावीत. मग अडचण काय? अडचण अशी की आकडे खरे होते आणि मी खोटा होतो. पण क्रमाने सांगतो.

आमची शाळा दिंडोरीकडच्या एका लहान गावात, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, दोन शिक्षक. सभोवार द्राक्षबागा. मी नाशिकहून स्कूटरवर जात-येत असे. गाव सुखी होतं, आणि सुखी गावात आमच्यासारख्या शाळेचं कठीणच असतं. द्राक्षाला दोन वर्षं चांगला भाव मिळाला की तिसऱ्या जूनमध्ये आमच्या पटातली चार-सहा मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये दिसायची. टाय लावलेली. मला बघून हात हलवायची, तेव्हा मीही हलवायचो.

तीस सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात, हे शाळेबाहेरच्या माणसाला माहीत नसतं. पट घसरत घसरत विसाच्या आसपास आला. दुसरं पद जाणार, आणि पुढे शाळाच उचलणार अशी बोलणी तालुक्याला सुरू झाली. शाळा बंद म्हणजे माझं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी. कुठे? जागा रिकाम्या होत्या त्या पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर. माझी नोकरी थोडीच राहिलेली, नाशिकला घर नुकतं बांधलेलं, स्कूटरवर जाण्याजोगं अंतर. मला डोंगरात जायचं नव्हतं. शाळा वाचवायची हे ध्येय वगैरे नंतर भाषणात आलं. आधी होता तो एवढाच हिशेब.

मग मी बागांवर गेलो. छाटणीच्या आधी सुरगाणा, पेठकडून मजूर येतात ते सगळ्यांना माहीत आहेत. पण काही कुटुंबं तेव्हाही बारा महिने बागेवरच राहायची. विहिरीजवळ पत्र्याची खोली, दारात कोंबड्या. त्यांची मुलं शाळेच्या पटावर नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा कितीतरी वर्षं त्या रस्त्याने स्कूटरवरून गेलो होतो.

तिथे कमळ भेटली. सुरगाण्याकडची, बोलायला तिखट. मी मुलीला शाळेत पाठव म्हणालो तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पोर शाळंत बसंल, मंग बारक्याला कोण संभाळंल, तुम्ही?"

मी म्हणालो, "आण त्यालाही. बसेल कोपऱ्यात."

"रडंल."

"इथे सगळेच रडतात. मीसुद्धा."

ती हसली आणि दुसऱ्या दिवशी सुगंधा आली, कडेवर भाऊ घेऊन. वयाने तिसरीची, म्हणून नियमाप्रमाणे तिसरीत घातली. अक्षरओळख तिला आधीच होती. द्राक्षाच्या क्रेटमध्ये घालायला जुनी वर्तमानपत्रं येत, ती वाचून शिकलेली. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "गुरुजी, 'मंत्रिमंडळाचा विस्तार' म्हंजे मंत्री जाडे व्हत्यात का?" मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतून वैशालीबाई बघायला आल्या. वैशालीबाई म्हणजे आमच्या दुसऱ्या शिक्षिका, नव्या, उत्साही. त्या वर्षी मी खूश होतो. हे खोटं नाही. मला ती मुलं आवडत होती.

एका कुटुंबामागून दुसरं आलं. पुढच्या जूनपर्यंत बागांवरची मुलं गावातल्या मुलांइतकी झाली.

आणि मग प्रवेशोत्सव आला. शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या मुलांची मिरवणूक काढायची पद्धत आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली सजवायचे. आंब्याची पानं, फुगे, पुढे लेझीम. ट्रॅक्टर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा, त्यांना गाव आण्णा म्हणायचं. ट्रॉली भरली. पहिलीत येणारी बारा-तेरा मुलं, त्यात गावातली चार. आण्णांचा नातू त्या चारांतला. ट्रॅक्टर सुरू झाला तशी आण्णांची सून पुढे आली, मुलाला काखेत धरून खाली उतरवलं आणि घरी गेली. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी. कोणी भांडलं नाही, आवाज चढवला नाही. चौथ्याची आई जरा घुटमळली, मग तिनेही उतरवला.

लेझीम चालूच होतं. मी हातवारे करून मुलांना सांगत होतो, वाजवा, वाजवा.

संध्याकाळी आण्णा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. शाळेचा पत्रा त्यांनीच बदलून दिलेला.

"गुरुजी, ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं, आन् वरात कोणाची?"

मी म्हणालो, "आण्णा, पट नसेल तर शाळाच नाही."

"मी कुठं नाय म्हणतो? शिकवा ना त्येंला. पण सूनबाई म्हणती, माझा पोरगा त्येंच्यात बसून त्येंच्यासारखं बोलाया लागंल. आता बायांपुढं आपलं काय चालतं? ते समाजमंदिर मोकळंच पडलंय. तुम्ही शाणे हायत, काढा काही मार्ग."

काढा काही मार्ग. मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं? गावातली उरलेली मुलं पिवळ्या बसमध्ये गेली असती. बागांवरच्या मुलांवर शाळा चालली असती, पटापुरती नक्कीच. पण अध्यक्ष रुसले असते, गावाने पाठ फिरवली असती, आणि मजुरांची शाळा म्हणून तालुक्यात नाव झालं असतं. मला त्या शाळेचा मुख्याध्यापक व्हायचं नव्हतं. मी मूळचा सटाण्याकडचा. डी.एड.ला आलो तेव्हा माझ्या अहिराणीला वर्ग हसायचा, मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हणालो की मागच्या बाकावरून कोणीतरी शीळ घालायचं. म्हणजे बोलीवरून बाजूला काढणं काय असतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी मार्ग काढला.

समाजमंदिर गावाच्या टोकाला, बागांच्या बाजूला. मी कागदावर लिहिलं: स्थलांतरित बालकांसाठी पूरक वर्ग, त्यांच्या वस्तीजवळ. वैशालीबाईंना तिथे पाठवलं. पहिली ते चौथी, बागांवरची सगळी मुलं तिकडे. गावातली मुलं शाळेत माझ्याकडे. खिचडी शाळेतच शिजायची, पण त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाने उशिरा ठेवली. समाजमंदिराला दुसरी घंटा आणली. पट एकच होता, त्यामुळे तीस सप्टेंबरला शाळा भरलेली दिसायची. हे सगळं इतकं सुबक जमलं, की मीच माझ्यावर खूश झालो.

राहिली कमळ. सुगंधा आता चौथीत, माझ्या वर्गातली सगळ्यात पुढची. पहिल्याच दिवशी कमळ दुपारच्या सुट्टीत कामावरून तशीच आली. हाताला फवारणीच्या औषधाचा वास.

"गुरुजी, माही पोर तिकडं का बसिवली? काय चुकलं तिचं?"

खरं कारण तिच्या डोळ्यात आलेलंच होतं. मी काही न बोलता उभा राहिलो असतो तरी तिला कळलं असतं. आणि मी म्हणालो — कुठून आलं तोंडात ते माहीत नाही, पण आलं अगदी सहज, रोज बोलत असल्यासारखं —

"चुकलं काही नाही गं. तो हुशार मुलांचा वर्ग आहे. निवडून काढलीत. बाई खास त्यांच्यासाठी दिल्यात."

तिचा चेहरा आधी विश्वास बसत नसल्यासारखा झाला. मग बसला. मला आजही सगळ्यात जास्त आठवतं ते हे, तो विश्वास बसतानाचा चेहरा. तिने पदर सारखा केला, आणि मला वाकून नमस्कार केला.

पुढचं काम तिनेच केलं. बागेबागेत सांगितलं, आपल्या पोरांसाठी हुशारांचा वर्ग काढलाय. ज्या घरांनी मुलं पाठवली नव्हती त्यांनीही पाठवली. पट दुपटीकडे गेला तो तिथून. मुख्याध्यापकांना जे मार्गदर्शन हवं होतं ते हेच: मी एक खोटं बोललो आणि एका आईने ते अभिमानाने घरोघर पोचवलं.

केंद्रप्रमुख आले, समाजमंदिरातला वर्ग पाहून भारावले. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला आणले गेले. तालुक्याला माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. भाषणात मी 'वंचित' हा शब्द बऱ्याचदा वापरला. वैशालीबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. तो वर्ग चांगला चालला असेल तर त्यांच्यामुळे, पण त्यांचं नाव मी घेतलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी मला एकदा विचारलं, "सर, हुशारांचा वर्ग असं बाया म्हणतात. मग गावातलं एकही मूल त्यात कसं नाही?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही शिकवायचं बघा."

त्या हजेरीचं पुस्तक घेऊन समाजमंदिराकडे गेल्या.

इथपर्यंत सांगितलं त्याला कोणी व्यवहार म्हणेल. मी स्वतःला तेच सांगत आलो. मुलं शिकत होती ना? बागेवर नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं ना? पण यापुढचं आहे त्याला व्यवहार म्हणता येत नाही.

तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असायची. गावातल्या मुलांचा जादा तास मी सकाळी शाळेत घ्यायचो. आण्णांचा थोरला नातू त्यात होता. आण्णा चहाचा थर्मास पाठवायचे. एके दिवशी शाळा सुटल्यावर वैशालीबाई सुगंधाला घेऊन आल्या. म्हणाल्या, हिचाही फॉर्म भरू, ही नक्की येईल यादीत. सुगंधा दाराशी उभी. उंबऱ्याच्या आत आली नव्हती. त्या शाळेत ती वर्षभर बसलेली होती, आणि आता आत यायला विचारावं लागतं असं तिला वाटत होतं.

ती म्हणाली, "गुरुजी, हुशारांचा वर्ग आमचा ना? मंग परीक्षा त्येंचीच का?"

यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, निदान मी तसं धरून चाललो. आणि मी तिला घेतलं असतं तर? तिला सकाळच्या तासाला शाळेत बसवावं लागलं असतं, आण्णांच्या नातवाशेजारी. एक आली की बाकीच्या आया विचारणार. तिकडून आण्णा विचारणार. दोन घंटांचा सगळा डाव मोडणार. आणि ती पास झाली आणि नातू राहिला तर?

मी म्हणालो, "मुदत संपली गं. कालच संपली. आधी सांगायला हवं होतं बाईंनी."

मुदत संपलेली नव्हती. आठवडाभर होता अजून. त्यातही मी दोष बाईंवर ढकलला, आणि बाई त्या पोरीसमोर ओशाळल्या. पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली. मी थांबवलं नाही.

सुगंधा चौथी पास झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावात, बाग ओलांडून जायचं. सहावीपर्यंत गेली असं ऐकलं. मी निवृत्त झालो. समाजमंदिरातला वर्ग काही वर्षांनी आपोआप बंद पडला, कारण गावातली मुलं शेवटी सगळीच पिवळ्या बसमध्ये गेली. ज्यांच्यासाठी वेगळी घंटा आणली ती मुलं राहिलीच नाहीत. आज तिथे जवळजवळ सगळा पट बागांवरच्या मुलांचा आहे आणि शाळा व्यवस्थित चालली आहे. चौदा वर्षांपूर्वीही चालली असती.

कमळ मला नंतरही भेटायची. वर्षातून एकदा, द्राक्षं निघाली की, कोणाच्या तरी गाडीवर बसून नाशिकला घरी यायची. नागलीचे पापड आणायची. दारातून आत आली की माझ्या सुनेला सांगायची, "माही पोर तुमच्या सासऱ्यांनी निवडली व्हती. हुशारांच्या वर्गात." सून कौतुकाने माझ्याकडे बघायची. मी पापडाचं कौतुक करायचो. दर वर्षी. यात मी काय करायला हवं होतं ते मला दर वर्षी माहीत असायचं.

मागच्या थंडीत कमळ गेली. छातीत कळ आली, दिंडोरीला नेईपर्यंत संपलं. मी बागेवर भेटायला गेलो. सुगंधा आली होती. आता ती नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या घडातले मणी कमी करणाऱ्या, विरळणीच्या टोळीत काम करते, पेठकडून येते. मुलगी आहे तिला, चार वर्षांची. मला बसायला पालथा क्रेट दिला.

मग ती म्हणाली, "आईला मी कधी बोलले नाय, गुरुजी."

मी विचारलं, काय?

"ते हुशारांच्या वर्गाचं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बंड्याला पाच आन् तीन येत नव्हते, त्यो पण आमच्यात." ती हसली. मग हसणं थांबलं. "पण आईला लय भारी वाटायचं वो. सगळ्यांला सांगत सुटली व्हती. म्हटलं, ऱ्हाऊ दे. तिला एवढंच तर व्हतं."

तिने माझ्या हातात चहाचा कप दिला.

"आता ती नाय. तुम्हाला सांगायचं तर सांगा कोणाला. नाय सांगितलं तरी माझं काय अडत नाय."

पोरीला चहात बिस्कीट बुडवून देत ती पुढे म्हणाली, "एक मात्र वाईट झालं. त्या परीक्षेची तारीख एका दिवसानं हुकली. नायतर मी बसले असते. बाईंनी लवकर सांगायला पायजे व्हतं."

तिला तेवढंच कळलेलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, समोरासमोर, आई गेलेली, कोणाचं काही मोडणार नाही अशा वेळी मी तिला सांगायला हवं होतं. मी चहा प्यायलो. येतो म्हणालो. गाडीत बसलो.

म्हणून हे दोन पानांऐवजी असं झालं. मुख्याध्यापकांना छापायचं असेल तर छापावं, नसेल तर नको. त्यांच्याकडे जायच्या आधी एक प्रत बागेवर पाठवली आहे. सुगंधाला वाचता येतं.

सुगंधा, तारीख हुकली नव्हती. बाईंनी वेळेत सांगितलं होतं. मी नाही म्हणालो.